दिंडोरी ते सॅन फ्रान्सिस्को, व्हाया पेठ

माझ्या ऑफिसातली पृथ्वी फुटबॉलपेक्षा जरा लहान होती आणि ऑस्ट्रेलियाच्या खाली तिला पोचा आलेला होता. एका गिऱ्हाइकाने सीट मिळत नाही म्हणून रागाने तिला टेबलावरून ढकललं, त्याची ती खूण. पृथ्वीच्या शेजारी सुतळीचा हातभर तुकडा. या दोन हत्यारांवर मी नव्वदच्या दशकात आणि त्यापुढची काही वर्षं निम्मा नाशिक जिल्हा आकाशात पाठवला. उरलेला निम्मा त्याला निरोप द्यायला सहार विमानतळावर गेला, कारण आपल्याकडे एक माणूस अमेरिकेला जायचा तर दोन जीप भरून माणसं सोडायला जात.

ऑफिस कॅनडा कॉर्नरला. नाशिकमध्ये हा नुसता एक चौक आहे, पण बाहेरगावचे लोक मला खास कॅनडाचा एजंट समजत आणि त्यांचा गैरसमज दूर करायची घाई मी कधी केली नाही. नाशिकला तेव्हा विमान म्हणजे ओझरवरून कानठळ्या बसवत जाणारी लढाऊ विमानं. त्यांचं तिकीट निघत नसे. निघत असतं तर मी तेही विकलं असतं.

आमच्या धंद्यात लोक दोनच गोष्टी विचारतात: किती लांब आणि किती वेळ. आता दोन्हीची उत्तरं फोनवर बोट ठेवलं की मिळतात, आणि म्हणूनच माझ्या ऑफिसच्या जागी सध्या मोमो मिळतात. पण तेव्हा ही उत्तरं द्यायला माणूस लागायचा. भिंतीवरचा नकाशा हा पट्टीचा खोटारडा. संत्र्याची साल सपाट करायला गेलं की फाटते, आणि नकाशा तर म्हणतो की पृथ्वी सोलली तरी फाटली नाही. त्यावर बघितलं तर मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को म्हणजे सरळ डाव्या हाताला: अरबस्तान, आफ्रिका, मग एक समुद्र, मग अमेरिका आडवी ओलांडायची. पण गोल पृथ्वीवर एक टोक मुंबईवर आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून सुतळी ताणा. ती सरकत सरकत वर जाते, हिमालय चढते, सायबेरियातून उत्तर ध्रुवाच्या बर्फाला खेटून पलीकडे उतरते. तोच सगळ्यात जवळचा रस्ता, साडेतेरा हजार किलोमीटरचा. तो बघून गिऱ्हाईक असं गप्प व्हायचं की मला हातचलाखीचे प्रयोग लावावेसे वाटायचे.

वेळेचं प्रकरण याहून वाईट. तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ त्या त्या गावाच्या घड्याळाची असते. त्यामुळे पोचण्यातून निघणं वजा केलं की वेडेपणा हाती लागतो. अंबडला नटबोल्टचा कारखाना असलेले एक साहेब होते. जर्मनीला मशीन बघायला गेले आणि घड्याळ बदलायचं नाही अशी शपथ घेऊन गेले. म्हणाले, "आपण आपली वेळ का सोडायची? त्यांनी सोडावी." पूर्ण मुक्काम त्यांनी नाशिकच्या वेळेवर काढला. जर्मन लोक सकाळचं कामाला यायचे तेव्हा यांचं जेवण होऊन वामकुक्षी सुरू. मशीन मात्र चांगलं आणलं, कारण समोरचे लोक यांच्या झोपेला मुत्सद्दीपणा समजले आणि किंमत उतरवत गेले.

इंदिरानगरच्या एका जोडप्याने मला विचारलं, "विमान नाशिकवरून जाईल ना? आमची सोसायटी हात करणार आहे." मी म्हटलं, जाईल. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही हा माझा नियम. त्या दिवशी सगळी सोसायटी गच्चीवर चादरी हलवत उभी. एक विमान गेलंही. ते कुठलं होतं हे मला आजतागायत माहीत नाही, पण वरून त्या दोघांनी, आणि खालून शेहेचाळीस जणांनी, एकमेकांना ओळखलं असं दोन्ही बाजू शपथेवर सांगतात.

पण माझ्या सगळ्या प्रवाशांत एक प्रवास असा झाला की त्यापुढे वास्को द गामा म्हणजे सिटी बसचा पासधारक. तो वत्सलावहिनींचा.

दिंडोरीचे रंगनाथअण्णा द्राक्षबागायतदार, माझं जुनं गिऱ्हाईक. आवाज असा की कॅनडा कॉर्नरला बोलले की गंगापूर रोडला म्हशी उठून उभ्या राहत. वत्सलावहिनी त्यांच्या पत्नी. बाग अण्णांच्या नावावर होती आणि वहिनींच्या अंगावर. छाटणी, फवारणी, मजुरांचा चहा, सगळं त्या बघत. अण्णा बोलायचं काम बघत. त्यांची एकुलती एक लेक सुनीता सॅन फ्रान्सिस्कोला. पहिलंच बाळंतपण, मूल पोटात आडवं. डॉक्टरांनी सोमवारी सिझर करायचं ठरवलं. तिकडे जवळचं असं जावयाशिवाय कुणी नाही. सुनीताने आईला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "मला आत नेतील तेव्हा तू पाहिजेस." व्हिसा आधीच झालेला होता. प्रश्न होता सीटचा. डिसेंबर महिना, अमेरिकेतले सगळे गुजराती, मराठी, मद्रासी एकाच वेळी हवेत. मी टेलिफोनला लोंबकळून एक सीट मिळवली: शुक्रवारी रात्री मुंबई, तिथून फ्रँकफर्ट, तिथून सॅन फ्रान्सिस्को. त्यानंतरची सीट थेट पुढच्या बुधवारची.

मी सीट सांगितली आणि अण्णा गुरुजींना घेऊनच ऑफिसात आले. मागून वहिनी.

गुरुजी म्हणाले, "शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल."

ज्यांच्या घरी पंचांग फक्त सुट्ट्या बघायला उघडतात त्यांच्यासाठी सांगतो. ठरावीक वारी ठरावीक दिशेला प्रवास करू नये, त्या दिशेला शूल असतो. शुक्रवारी आणि रविवारी तो पश्चिमेला.

मी तिकीट पुढे केलं. "गुरुजी, विमान मध्यरात्रीनंतर सुटतं. हे बघा, तिकिटावर शनिवार छापलाय."

"वार सूर्योदयाला बदलतो," गुरुजी शांतपणे म्हणाले. "विमान कंपनीला विचारून बदलत नाही."

हे त्यांचं बरोबर होतं. मग मी हत्यारं काढली. पृथ्वी पुढे ओढली, सुतळी ताणली. "अण्णा, तुम्हीच बघा. सॅन फ्रान्सिस्को पश्चिमेला नाहीच. ते उत्तरेला आहे. शुक्रवारी उत्तर मोकळी ना, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा लावून सुतळी बघितली. कौतुकाने बघितली. मग म्हणाले, "सुतळी उत्तरेला जाते हे मान्य. पण विमान फ्रँकफर्टला जातंय. वहिनी सुतळीवर बसून जाणार आहेत का?"

अण्णा हसले, आणि त्यांच्या हसण्याने पृथ्वी गडगडली. तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "शूल असू द्या नायतर त्रिशूल. पोरीचं सोमवारी सिझर हाय. मी शुक्रवारी जाणार. तुम्ही दिशा ठरवत बसा."

गुरुजी मनाने चांगले. म्हणाले, "जाऊ नका असं मी म्हटलंच नाही. प्रस्थान ठेवा. गुरुवारी पश्चिम मोकळी आहे."

प्रस्थान म्हणजे आपल्या पूर्वजांनी शोधलेलं ॲडव्हान्स बुकिंग. चांगल्या दिवशी माणसाला निघता येत नसेल तर त्याच्या वतीने एक पुरचुंडी निघते. तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि प्रवाशाची एखादी स्वतःची वस्तू फडक्यात बांधून जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. मग माणसाने जाताना ती पुरचुंडी स्वतःच्या हाताने उचलायची. अट एकच, निघालेलं प्रस्थान मागे फिरवायचं नाही.

मला ही कल्पना फार आवडली. आमच्या धंद्यात सामान आधी आणि माणूस नंतर असं नेहमीच व्हायचं, फक्त त्याची पूजा होत नसे.

शुक्रवारी सकाळी मी दिंडोरीला पोचलो. मोठ्या गिऱ्हाइकाला मी स्वतः विमानतळावर सोडायला जात असे. अंगणात दोन गाड्या तयार होत्या. एकीत डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, बाळंतकाढे, गोधड्या, पाळण्याची दोरी आणि माझा अंदाज खरा असेल तर एक आख्खा पाळणाही. मी सवयीने विचारलं, "पासपोर्ट, तिकीट घेतलं ना?"

अण्णा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "ते कालच निघालं."

"निघालं म्हणजे?"

"प्रस्थानात. गुरुजी म्हणले, बाईची स्वतःची वस्तू ठेवा. म्हणलं, साडीचोळी ठेवून काय उपयोग? जिच्याबिगर अमेरिकेत जाताच येत नाही अशी वस्तू कोणती? पासपोर्ट आणि तिकीट. दोन्ही बांधून दिलं काळूकडं."

हिंदुस्थानात पासपोर्ट कुत्र्याने खाल्लेले मला माहीत होते, एकाचा तर चुलीत गेला होता. पण पासपोर्ट मुहूर्तावर स्वतंत्रपणे परदेशी रवाना झाल्याची ही पहिलीच घटना.

काळू हा अण्णांच्या बागेत दरवर्षी छाटणीला येणारा जुना माणूस. त्याचं गाव पेठच्या अलीकडे, डोंगरात. दिंडोरीहून बरोबर पश्चिमेला, म्हणून त्याचं घर निवडलेलं. गावात फोन नाही. मुंबईचा रस्ता इकडे कसाऱ्याला, पासपोर्ट तिकडे पेठला.

मी कपाळावर हात मारला. अण्णा म्हणाले, "घाबरू नका, शेठ. तुम्ही हिला घेऊन जीपनं पेठला जा, पुरचुंडी उचला, या मागनं. मी सामान घेऊन कसाऱ्यानं पुढं होतो आणि विमान थांबवून ठेवतो."

अण्णांनी आयुष्यात एसट्या थांबवल्या होत्या. एकदा जिल्हाधिकाऱ्यांची गाडी थांबवून तिला रस्त्याच्या बाजूला घ्यायला लावली होती. त्यामुळे मी जीपची किल्ली उचलली.

जीप मी स्वतः चालवली. त्या रस्त्याला तेव्हा रस्ता म्हणणं म्हणजे रस्त्याचा अपमान. खड्डे असे की एकात उतरलेली म्हैस दुसऱ्यातून वर येत असे. वहिनी शेजारी काठापदराच्या साडीत, हातात रिकामी पिशवी, समोर बघत बसलेल्या. मी धीर द्यायला काही बोललो की त्या म्हणायच्या, "भावजी, तुम्ही खड्डे बघा."

काळूच्या घरी त्याची आई ओट्यावर नागली, म्हणजे नाचणी, पाखडत बसली होती. वहिनींना बघून ती उठली, पाणी दिलं. काळू रानात गेला होता.

"काल ठेवलेली पुरचुंडी द्या, आजी," मी म्हणालो.

"ती गेली," म्हातारी म्हणाली.

मी विचारलं, "गेली कुठं?"

"पुढं. अण्णाशेठ बोलले ना, मागं नाय फिरवायची, पुढंच गेली पायजे, लांब जायाची हाय. मंग आमच्याकडं ठेवून काय? आज सकाळीच माझा जावाय आला होता. त्याच्याकडं दिली. त्याचा गाव पुढं हाय, पेठच्या पल्याड." आणि मग वहिनींकडे बघून समाधानाने म्हणाली, "तेवढीच जवळ गेली."

अण्णांनी दिलेला हुकूम या बाईने अण्णांपेक्षा नीट पाळला होता. अमेरिका किती लांब हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, दिशा तेवढी सांगितली होती, आणि दिशेत तिची काही चूक नव्हती. वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. दोन दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. म्हणाल्या, "चला भावजी, माझ्याआधी तो पोचेल तिकडं."

मग आम्ही पासपोर्टाच्या मागे निघालो. मी आयुष्यात पुष्कळ प्रवाशांचा पाठलाग केलाय, पण प्रवासी शेजारी आणि कागदपत्रं धावतायत असं कधी झालं नव्हतं. पेठ मागे पडलं. मला मनात दिसत होतं, जावयाने ती पुरचुंडी त्याच्या मेहुण्याला दिलीय, त्याने धरमपूरच्या व्याह्याला, त्याने एखाद्या नावाड्याला, आणि सोमवारी सॅन फ्रान्सिस्कोला सुनीताच्या दारात एक घामेजलेला माणूस पुरचुंडी घेऊन उभा आहे.

जावयाचं घर सापडलं. जावई घरात नव्हता, त्याची बायको होती, म्हणजे काळूची बहीण. तिने आमचं बोलणं ऐकून घेतलं आणि आत बोट केलं. देवाच्या कोनाड्यात पुरचुंडी ठेवलेली, वर झेंडूचं फूल. मी हात पुढे केला तशी ती बाई मध्ये उभी राहिली.

"तुम्ही नका घेऊ. ज्याला जायाचा, त्यानंच उचलायची."

मी हात मागे घेतला. वहिनी पुढे गेल्या, वाकल्या, पुरचुंडी उचलून कपाळाला लावली. आणि तशाच, ती छातीशी धरून, क्षणभर उभ्या राहिल्या. त्या घरात मी पहिल्यांदा त्यांचे डोळे भरलेले बघितले. काळूच्या बहिणीने विचारलं, "पोरगी पोटुशी हाय ना?" आणि उत्तराची वाट न बघता नागलीच्या पिठाची एक पिशवी वहिनींच्या हातात दिली. "बाळंतिणीला पेज करून घाला."

मी जीप नाशिककडे वळवायला लागलो. वहिनी म्हणाल्या, "मागं नाही."

"अहो वहिनी, मुंबई तिकडं आहे."

"पुरचुंडी घेऊन मी मागं फिरणार नाही. पुढून रस्ता नाही का मुंबईला?"

रस्ता होता. घाट उतरून कपराड्यावरून वापीला जायचं, तिथे हायवे पकडून मुंबई. लांबचा रस्ता, पण सुतळीवर मोजायला मी पृथ्वी आणली नव्हती. म्हटलं, या बाईशी वाद घालण्यापेक्षा गुजरातेत शिरणं सोपं. आम्ही महाराष्ट्राबाहेर पडलो, पुन्हा महाराष्ट्रात शिरलो, आणि दिवेलागणीनंतर सहारला पोचलो. मी त्या दिवशी जीप अशी हाकली की वापीपासून पुढे काही ट्रकवाल्यांनी मला नमस्कार केला.

अण्णा कुठे दिसेनात. विमानतळावरच्या कुणालाही एक मिशीवाला माणूस विमान थांबवायला आल्याचं आठवेना. नंतर कळलं, कसारा घाटात टँकर आडवा झाला होता आणि अण्णा, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, गोधड्या आणि पाळणा असे सगळे त्याच्या मागे उभे होते. अण्णांनी तिथे वाहतुकीचा ताबा घेतला, त्यामुळे घाट आणखी उशिरा मोकळा झाला असं त्यांच्याच ड्रायव्हरने मला सांगितलं.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सामान?" वहिनींनी पासपोर्ट आणि तिकीट काढून घेतलेली पुरचुंडी आणि एक नागलीच्या पिठाची पिशवी वजनकाट्यावर ठेवली. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "एवढंच आहे. मॅडम नेहमी कमी सामानात प्रवास करतात." मॅडमनी तोवर मुंबईच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. वहिनी काचेच्या दारातून आत गेल्या आणि वळून बघितलं नाही. मागे फिरायचं नाही, ते त्यांनी शेवटपर्यंत पाळलं.

पुढचे चार दिवस मी ऑफिसात बसून सुतळीला गाठी मारत होतो. अण्णा रोज येत आणि माझ्या समोर काही न बोलता बसून राहत. अण्णा न बोलता बसलेत हे बघून शेजारचा झेरॉक्सवाला दोनदा विचारायला आला, कुणी गेलं का म्हणून. सोमवारी जावयाचा फोन आला होता, मुलगी झाली, दोघी ठीक. पण वहिनींचा आवाज अण्णांनी ऐकला नव्हता.

बुधवारी फोन वाजला. वहिनीच होत्या. अण्णांनी रिसीव्हर घेतला, "पोचलीस ना?" एवढंच विचारलं आणि लगेच तो माझ्या हातात दिला.

"भावजी, दारापर्यंत तिचा हात माझ्या हातात होता," वहिनी म्हणाल्या. "आत नेलं तेव्हा सोडला."

मी म्हटलं, "झालं तर मग." आणि धंद्याची सवय, म्हणून विचारलं, "प्रवास फार लांब झाला असेल."

हा प्रश्न मी हजारो लोकांना विचारलाय आणि हजारोंनी पाय सुजल्याचं, जेवण मिळमिळीत असल्याचं, शेजारी कुणीतरी घोरत असल्याचं सांगितलंय. वहिनी म्हणाल्या, "छे हो. आत्ता कुठं टेकले असं वाटलं, तर विमानातली ती पोरगी म्हणायला लागली, उतरा. कुणी हाक मारली नाही. फवारणीवाले आलेत का म्हणून कुणी विचारलं नाही. कुणीतरी ताट आणून समोर ठेवत होतं आणि उष्टं ताट उचलून नेत होतं. मला लाज वाटली पहिल्यांदा. मग म्हणलं, नेऊ दे." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "भावजी, परतीला याच्यापेक्षा लांबचा रस्ता असतो का?"

इतक्या वर्षांच्या धंद्यात लांबचा रस्ता मागणारं हे एकच गिऱ्हाईक. परतीची तारीख आम्ही उघडी ठेवली होती. पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांना दुसऱ्या बाजूने आणलं: सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक महासागर ओलांडून हाँगकाँग, मग सिंगापूर, मग मुंबई. पृथ्वीला पूर्ण एक फेरी. दिंडोरी तालुक्यात हा विक्रम आहे, आणि नसला तरी मी तो आहे असंच सांगतो.

त्या निघण्याआधी तिकिटाची झेरॉक्स घेऊन अण्णा माझ्यासमोर बसले. बोटांवर तास मोजले, पुन्हा मोजले. "शेठ, मंगळवारी निघते, गुरुवारी येते. तास जोडले तर एवढे होत नाहीत. हिशेबात एक दिवस कमी येतोय."

तिकडून तसं येताना समुद्राच्या मधोमध एक रेघ आहे. ती ओलांडली की कॅलेंडरचं एक पान जातं. बुधवार येतच नाही. हे मी गिऱ्हाइकांना पृथ्वीवर बोट ठेवून, दिवा धरून, शास्त्रशुद्ध समजावत असे. त्या दिवशी मी पृथ्वीला हात लावला नाही.

"मग तो दिवस गेला कुठं?" अण्णांनी विचारलं.

मी म्हटलं, "तो वहिनींनी स्वतःसाठी ठेवून घेतला."

अण्णा तिकिटाकडे बघत बसले. मग झेरॉक्सची घडी घालून खिशात ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "घेऊ दे."